खडशी ओळखायची कशी? दख्खनच्या महाशीरची पहिली ओळख

सह्याद्रीतल्या नद्यांवर आणि धरणांवर नव्याने गळ टाकायला लागलेल्या माणसाला एक प्रश्न लवकरच पडतो. हातात आलाय तो महाशीर, की मोठ्या खवल्यांचा दुसराच कुठला मासा? फोटो चार ओळखीच्यांना पाठवला की चार वेगळी नावं परत येतात, कारण बहुतेक जण रंग बघून उत्तर देतात. माशाच्या ओळखीत रंग हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे. तोच मासा गढूळ धरणात फिकट रुपेरी दिसतो आणि खडकाळ, स्वच्छ डोहात गडद सोनेरी. म्हणून या लेखात ओळख एका ठरावीक क्रमाने शिकायची आहे: आधी नदी, मग खवले, मग मिशा आणि पाठीवरच्या पराचा काटा, मग डोकं आणि तोंड, आणि रंग सगळ्यात शेवटी. हा क्रम अंगवळणी पडला की चूक होण्याचं प्रमाण फार कमी होतं.

हा लेख मुख्यतः एकाच जातीबद्दल आहे. टोर खुद्री म्हणजे दख्खनचा महाशीर, ज्याला आपल्याकडे खडशी असंही म्हणतात. या माशाचं शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केलं, आणि त्यांनी वर्णन केलेला मासा पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला होता. जगभरच्या मत्स्यशास्त्रात हा मासा आपल्या पुण्याच्या नदीवरून ओळखला जातो, आणि आज त्याच नदीच्या शहरातल्या पात्रात तो जगू शकेल असं पाणी उरलेलं नाही. मला ही गोष्ट फार लागते.

पहिली पायरी: आपण कुठल्या नदीवर उभे आहोत?

मासा हातात येण्याआधीच निम्मी ओळख झालेली असते. भारतात महाशीरच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचा मूळ मुलूख ठरलेला आहे. हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांमध्ये सोनेरी महाशीर, म्हणजे टोर पुटिटोरा. नर्मदेत टोर टोर, जो मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. कावेरीच्या खोऱ्यात पाठीला कुबड आणि नारिंगी पर असलेला टोर रेमादेवी. कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत, म्हणजे मुळा, नीरा, कोयना अशा नद्यांच्या बाजूला, टोर खुद्री. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून कोकणात उतरणाऱ्या काही नद्यांतही तो आहे.

त्यामुळे कोयनेच्या वरच्या अंगाला महाशीर मिळाला तर तो टोर खुद्री असण्याची शक्यता सर्वाधिक. पण ही शक्यता आहे, खात्री नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत महाशीरची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात भरपूर नेऊन सोडली गेली आहेत. आपला टोर खुद्री असाच कावेरीत पोहोचला आणि तिथे इतका रुजला की मूळच्या कुबडवाल्या महाशीरची जागा त्याने घेतली, असं तिथल्या गळवाल्यांच्या नोंदींचा अभ्यास करणाऱ्यांचं म्हणणं आहे. कावेरीतल्या त्या कुबडवाल्या माशाला आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरवलं. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इन्जेन यांनी गळाने काढलेला १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महाशीर अजूनही विक्रम म्हणून सांगितला जातो. तो या कुबडवाल्या जातीचा होता. त्या आकाराच्या अपेक्षेने खडशीकडे बघू नका. तो एवढा वाढत नाही.

वहीत पहिली नोंद करायची ती अशी: नदीचं नाव, कुठलं खोरं, वाहतं पाणी की धरण, तळ खडकाळ की गाळाचा. खडशीला थंडसर, भरपूर प्राणवायू असलेलं, दगडगोट्यांवरून वाहणारं पाणी लागतं. धरणात तो राहतो, वाढतोही, पण तिथेही नदी धरणाला मिळते त्या टोकाला आणि खडकाळ काठांना त्याचा वावर जास्त. शेवाळलेल्या, साचलेल्या तळ्यात कुणी महाशीर मिळाला म्हणालं तर आधी सायप्रिनसची, म्हणजे कॉमन कार्पची, शंका घ्या.

दुसरी पायरी: खवले मोजा

नवख्याने एकच गोष्ट शिकायची ठरवली तर ती ही शिकावी. माशाच्या कुशीवर, कल्ल्यांच्या झाकणापासून शेपटीपर्यंत, बारीक छिद्रांची एक रेघ जाते. ही पार्श्वरेषा. पाण्यातली हालचाल आणि कंपनं मासा हिच्यातून टिपतो. या रेषेवरच्या प्रत्येक खवल्याला एक छिद्र असतं. कल्ल्यांच्या झाकणामागचा पहिला छिद्राचा खवला हा एक, आणि तिथून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंत मोजत जायचं. शेपूट हलकेच बाजूला वळवली की जिथे घडी पडते तिथे थांबायचं. त्यापुढचे खवले मोजत नाहीत.

टोर खुद्रीत हा आकडा साधारण २५ ते २७ येतो. महाशीरच्या सगळ्या जाती धरल्या तर २२ ते २८. हा आकडा किती लहान आहे ते इतर माशांशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. रोहू, कटला, मृगळ या तिघांत तो चाळिशीच्या घरात जातो. गवत्यामध्येही, म्हणजे ग्रास कार्पमध्येही, तसंच. सायप्रिनसमध्ये पस्तीसच्या पुढेमागे. अर्ध्या मीटरच्या महाशीरवर एका रांगेत जेमतेम २५-२६ खवले बसतात, म्हणजे प्रत्येक खवल्याचा दिसणारा भागच सेंटिमीटरभराहून जास्त. एकदा हे मोठे खवले नीट पाहिले की गवत्याला महाशीर म्हणण्याची चूक होत नाही, आणि आपल्या धरणांवर हीच चूक सगळ्यात जास्त होते. गवत्याच्या खवल्यांनाही गडद किनार असते, अंगही लांबट असतं, म्हणून लांबून फसायला होतं.

नदीकाठी उभं राहून, तडफडणाऱ्या माशावर खवले मोजत बसू नका. मासा पाण्याजवळ आडवा धरून कुशीचा एक स्पष्ट फोटो घ्या, मासा सोडा आणि घरी फोटो मोठा करून मोजा. दोनदा मोजा. एकाच माशात उजव्या आणि डाव्या कुशीवर एखाद्या खवल्याचा फरक पडू शकतो, त्याने गोंधळून जाऊ नका. २५ की २६ याने काही बिघडत नाही. २६ की ४० हा प्रश्न महत्त्वाचा.

तिसरी पायरी: मिशा आणि काटा

महाशीरला मिशांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी वरच्या ओठाच्या पुढच्या भागात, दुसरी तोंडाच्या कोपऱ्यांत, आणि दोन्ही चांगल्या ठळक. कटल्याला आणि गवत्याला मिशाच नाहीत. रोहूला असल्या तरी बारीक, शोधाव्या लागतात. सायप्रिनसला मात्र महाशीरसारख्याच दोन जोड्या असतात, आणि इथे नवखा अडतो.

तेव्हा पाठीवरच्या पराकडे वळा. सायप्रिनसचा पाठीवरचा पर लांबलचक असतो, पाठीच्या बऱ्याच भागावर पसरलेला. महाशीरचा आखूड आणि उंच. दुसरा फरक पराच्या पुढच्या कडक काट्यात आहे. ओल्या बोटाने काट्याच्या मागच्या कडेवरून हळूच, वरून खाली न दाबता, स्पर्श करून बघा. सायप्रिनसच्या काट्याला करवतीसारखे दाते असतात. महाशीरचा काटा भक्कम पण गुळगुळीत.

हीच खूण आणखी एका माशासाठी उपयोगी पडते. सिस्टोमस सरणा हा लहान मासा, साधारण फूटभरापर्यंतचा, रुपेरी आणि मोठ्या खवल्यांचा असल्यामुळे महाशीरचं पिल्लू म्हणून खपतो. त्याच्या खवल्यांची संख्या तिशीच्या आसपास असते, म्हणजे नुसत्या मोजणीवर घोटाळा होऊ शकतो. पण त्याच्या काट्याला दाते आहेत. काटा पाहिला की प्रश्न मिटला.

आणि कोळस, म्हणजे हायप्सेलोबार्बस कुळातला मासा? त्याच्या कुळातले मासेही वाहत्या पाण्यातच राहतात, गळालाही लागतात आणि जुन्या नोंदींमध्ये महाशीरशी त्यांची बरीच सरमिसळ झाली आहे. साइक्स यांनीच वर्णन केलेल्या, शिरूरजवळच्या घोड नदीतल्या एका माशाचं नाव पुढे कितीतरी वर्षं कावेरीतल्या कुबडवाल्या महाशीरला लावलं जात होतं. प्रत्यक्षात तो मासा याच कोळसाच्या कुळातला निघाला. तज्ज्ञांचीही जिथे एवढी गफलत झाली तिथे नवख्याने वेळ घेऊन बघावं हे बरं. कोळसाचे खवले चाळीसच्या आसपास भरतात, त्यामुळे ज्याने दुसरी पायरी नीट केली आहे तो इथे अडत नाही.

चौथी पायरी: डोकं, तोंड, ओठ

इथपर्यंत आलात तर मासा महाशीर आहे हे ठरलं. आता कुठला महाशीर? खवल्यांचे आकडे सगळ्या जातींत एकमेकांत मिसळतात, म्हणून त्यांचा इथे उपयोग नाही. डोक्याचं माप घ्यायचं. नाकाच्या टोकापासून कल्ल्यांच्या झाकणाच्या मागच्या कडेपर्यंत डोक्याची लांबी. मग पाठीवरचा पर जिथे सुरू होतो तिथे अंगाची उंची, पाठीपासून पोटापर्यंत. फोटोवर कागदाची पट्टी ठेवून खुणा केल्या तरी पुरे.

डोकं अंगाच्या उंचीपेक्षा लांब असेल तर खूण हिमालयातल्या सोनेरी महाशीरची. डोकं उंचीपेक्षा आखूड असेल तर टोर टोरची. दोन्ही जवळपास सारखे असतील तर टोर खुद्री. हा नियम पूर्ण वाढलेल्या, मध्यम अंगाच्या माशाला लागू पडतो. अंड्यांनी भरलेली मादी किंवा धरणात खाऊन गुबगुबीत झालेला मासा यांचं पोट सुटलेलं असतं, मग डोकं उगाच आखूड वाटतं. पिल्लांमध्ये तर या मापावर विसंबूच नये.

ओठांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण त्यावर गैरसमज फार आहेत. महाशीरचे ओठ जाड, मांसल असतात आणि काही माशांत खालचा ओठ मधोमध लोंबतो, वरचा ओठही नाकाकडे वळलेला दिसतो. असा मासा पाहिला की लोक वेगळी जात म्हणून सांगतात. तसं नाही. एकाच जातीत, एकाच नदीत जाड ओठांचे आणि साध्या ओठांचे मासे सापडतात. दगडांच्या फटींतून खाणं शोधत फिरणाऱ्या माशांत ओठ जास्त वाढलेले दिसतात, म्हणून ओठांवरून जात ठरवू नका. ते त्याच्या राहणीबद्दल काहीतरी सांगतात, एवढंच.

जबड्यात बोट घालून दात शोधू नका, ते तिथे नाहीत. महाशीरचे दात घशात असतात, तीन रांगांत, आणि फार ताकदीचे. गोगलगायी, शिंपले आणि खेकडे तो त्यांनीच फोडतो. हलका गळ कधी कधी चपटा होऊन परत येतो तो याच दातांमुळे.

पाचवी पायरी: आता रंग

पाठ गडद हिरवट-करडी, कूस रुपेरी ते सोनेरी, पोट पांढुरकं. छातीचे आणि पोटाखालचे पर निळसर करडे, त्यामुळेच याला निळ्या परांचा महाशीर म्हणतात. कावेरीच्या कुबडवाल्यापासून वेगळा काढायला ही खूण चांगली. पण आधीच्या चार पायऱ्यांना रंगाने दुजोरा दिला तर घ्यायचा, विरोध केला तर फोटोतल्या उजेडावर शंका घ्यायची.

हा मासा जगतो कसा

ओळख पटली की त्याचं आयुष्य समजून घ्यायला हवं, कारण खडशी कधी, कुठे आणि का सापडतो हे सगळं त्यातून उलगडतं.

तो जवळपास सगळं खातो. पाण्यातले किडे, गोगलगायी, खेकडे, लहान मासे, दगडावरचं शेवाळ, आणि काठच्या झाडांवरून पडलेली फळं नि बिया. काठावर उंबर, जांभूळ यांची सावली असेल तर त्या डोहाकडे लक्ष ठेवा. काठची झाडं तोडली की नुसती सावली जात नाही, माशाचं ताटही जातं.

पावसाळ्यात नद्या फुगल्या की खडशी प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला चढतो. जुलै ते सप्टेंबर हा आपल्याकडचा त्याचा विणीचा मुख्य काळ. उथळ, स्वच्छ, खळाळत्या पाण्यात वाळू-गोट्यांच्या तळावर मादी अंडी सोडते, तीही एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. अंडी पिवळसर, अडीच ते तीन मिलिमीटर व्यासाची आणि जड असतात, तळाला बसतात. रोहूची मादी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन-तीन लाख अंडी देते, महाशीरची काही हजार. रोहूचं अंडं पंधरा-अठरा तासांत उबतं, महाशीरच्या अंड्याला सुमारे तीन दिवस लागतात. त्यानंतरही पिल्लू आठवडाभर तळाशी, दगडांच्या फटीत, पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगत पडून राहतं. पोहून पळण्याची ताकद त्याच्यात नसते.

हे दिवस महाशीरच्या आयुष्यातले सगळ्यात नाजूक. या काळात वर गाळ बसला, वाळू उपसली गेली, धरणाच्या दरवाजांमुळे पाणी एकदम चढलं किंवा उतरलं, की ती वीण संपली. उन्हाळ्यात डोहांमध्ये सुरुंग लावून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारतात, त्यात पुढच्या पावसाळ्यात विणणारे मोठे मासेच एका झटक्यात जातात. रोहू-कटला अशा तडाख्यातून सावरतात, कारण त्यांचं बीज बाहेरून सोडलं जातं आणि अंडीही लाखांनी असतात. खडशीला ती मुभा नाही.

महाशीरचं बीज तयार करण्याचं मोलाचं काम आपल्याच लोणावळ्यात झालं. वळवण धरणाजवळच्या टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० च्या दशकापासून सी. व्ही. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी टोर खुद्रीचं प्रजनन घडवून आणलं. फलित अंडी पाण्याशिवाय, ओल्या कापसात गुंडाळून लांबवर विमानाने नेता येतात हे त्यांनी दाखवलं. महाशीरचं अंडं उबायला वेळ घेतं, म्हणूनच हे जमलं. लोणावळ्याची बोटुकली मग देशभर गेली. हे काम मोठंच आहे, पण कावेरीचं उदाहरण वर दिलं तेही याच वाटपाचं फळ आहे. आपण कितीही चांगल्या हेतूने असलो तरी एका खोऱ्यातला मासा दुसऱ्या खोऱ्यात सोडायचा नाही. पाळलेला असो, विकत घेतलेला असो वा गळाला लागलेला.

एक प्रश्न हमखास विचारला जातो: निसर्ग संवर्धन संघाच्या जागतिक यादीत टोर खुद्री आता कमी चिंतेच्या गटात आहे ना? आहे. आधी तो संकटग्रस्त गटात होता, फेरतपासणीत खाली आला. पण ही यादी जातीचा सगळा मुलूख एकत्र धरून बघते. तुमच्या गावच्या ओढ्यातला खडशी टिकलाय का, हे तिथे दिसत नाही.

गळाशिवाय बघायचा असेल तर

सुरुवात इथूनच करा असं मी प्रत्येकाला सांगतो. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या देवीच्या श्रद्धेमुळे कोंडीतल्या माशांना कुणी हात लावत नाही. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ वैतरणेवरच्या तिळसेश्वराच्या डोहातही असेच देवाचे मासे राखलेले आहेत. अशा ठिकाणी काठावर बसून तासभर नुसतं निरखा. मिशा, तोंडाची ठेवण, वळताना चमकणारे खवले, पाठीवरच्या पराचा आकार. फोटोतून हे सगळं तुकड्यातुकड्याने कळतं, इथे एकत्र दिसतं. सोबत नेलेलं वेफर्सचं पाकीट मात्र उघडू नका.

गळाला लागला तर

आधी परवानगी. आपल्याकडे बहुतेक धरणांवर मासेमारीचे हक्क स्थानिक मच्छीमार संस्थेकडे किंवा ठेकेदाराकडे असतात. त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नये. अभयारण्यात आणि देवाच्या डोहात तर नाहीच. विणीच्या महिन्यांत, म्हणजे भर पावसाळ्यात, नदीच्या वरच्या अंगाला जाऊ नका.

गळाला उलटा काटा नको. असेल तर पक्कडने दाबून टाका, सोडवणं सोपं होतं. दोरा पुरेसा जाड घ्या, म्हणजे मासा लवकर काठाला आणता येतो. बारीक दोऱ्यावर त्याला तासभर दमवलं तर सोडल्यावरही तो वाचेलच असं नाही. हात आधी पाण्यात बुडवा, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग धरतो. जाळी रबरी हवी. कल्ल्यात बोट घालून मासा उभा लटकवणं कायमचं बंद करा, मोठ्या माशाचं स्वतःचं वजनच त्याला आतून इजा करतं.

फोटो चार हवेत, आणि मासा पाण्याबाहेर काही सेकंदच. पूर्ण कूस, कॅमेऱ्याला समांतर. पाठीवरचा पर बोटाने उभा करून. डोकं बाजूने, मिशा दिसतील असं. तोंड खालून. शेजारी मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी. दोन फोटोंच्या मध्ये मासा परत पाण्यात. मग तोंड प्रवाहाकडे करून, पोटाखाली हात देऊन सरळ धरा. कल्ल्यांची उघडझाप नियमित झाली आणि त्याने स्वतः शेपटीचा झटका दिला की सोडा. त्याच्या आधी ढकलू नका.

घरी आल्यावर त्याच दिवशी नोंद लिहा. तारीख, नदी, पाण्याची अवस्था, माशाची लांबी, पार्श्वरेषेवरचे खवले, डोकं आणि उंचीचं प्रमाण, काटा गुळगुळीत की दात्यांचा, ओठ, परांचा रंग. काही खूण बसत नसेल तर ती तशीच लिहा, ओढूनताणून नाव देऊ नका. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर चढवता येतात, तिथे अभ्यासक नाव तपासून देतात. मात्र ठिकाण टाकताना ते अस्पष्ट ठेवण्याचा पर्याय निवडा. नेमका डोह नकाशावर दिसला की पुढच्या उन्हाळ्यात तिथे कोण काय घेऊन पोहोचेल, हे आपल्या हातात राहत नाही.